सरकीत पुरलेलं मडकं

तू मले फसवलं, माय. एका बाळंतपणात नाही, तिन्ही बाळंतपणांत फसवलं. अन् हे मले आता कळून राह्यलं, तोंडात दात उरले नाहीत तवा. तिकडं कशी हायेस ते मागून विचारीन. आधी हे ऐक.

नातू नाशकाकडे द्राक्षाच्या कारखान्यात लागला. सुट्टीत आला तं लाल वाइनची बाटली घेऊन आला. घरात मटण शिजेल होतं. म्हणते, "आजी, चाखून पाय. मटणासंग चांगली लागते, खिरीसंग नाही." मी म्हणलं, "तुह्या पणज्याले, माह्या बाबाले, मोहाच्या दारूपायी गोठ्यात झोपवलं व्हतं, अन् तू मले पाजून राह्यला?" तो हसते. "दारू कायची, काळ्या द्राक्षाचा रस हाय. लाकडाच्या पिंपात मुरवते." रश्श्यावर एक घोट घेतला, अन् हात जागच्या जागी थांबला. आधी फळासारखी, मग तुरट, जीभ दोन्ही बाजूनं आवळणारी, अन् घशाखाली ऊन ऊन. माय, हे तं तुह्यं बाळंतिणीचं औषध. गूळ अन् लवंग तेवढी नाही.

महाराष्ट्र झाला त्या साली मी पहिल्या बाळंतपणाले मारेगावकडच्या आपल्या घरी आलती. तू चुलीपुढं बसली हायेस. काळ्या मनुका उकळून राह्यल्या. निवल्यावर गूळ पडते, लवंग-दालचिनी पडते, अन् मग कोलामाच्या बाईनं जंगलातून आणलेली धायटीची लाल फुलं. फुलाबिगर मडक्यात जीव येत नाही म्हणे तू. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधते, शेणमातीनं लिंपते, अन् सरकीच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरते. सरकीची ऊब पाहिजे त्याले. म्हशीले सरकी काढाची तं दुसऱ्या कोपऱ्यातून, नाही तं शिव्या.

पोरगं झालं, तू मडकं उघडलं. बाबा गोठ्यातून भाकर न्यायले आलता. दारातच त्यानं वास घेतला. "तुह्यं मडकं अन् माही मोहाची, दोघी सख्ख्या बहिणी हायेत व."

"तोंड सांभाळा. वैद्यानं सांगेल औषध हाय हे."

"मंग मलेही थोडं आजारी पडू दे."

"सरका तिकडं, बाळंतीण हाय घरात."

सरकला. पुन्हा कधी त्यानं हा शब्द काढला नाही, गावात नाही, माह्यापाशी नाही. मले वाटलं, दारुड्याची बडबड.

तू मले सांगे, तुपा-मटणाच्या जेवणावर घे, दुधावर घेऊ नको. नातवानं काय वेगळं सांगितलं? त्याले मी मनुका सांगितल्या, फुलं सांगितली. म्हणते, "आजी, फुलानंच आंबते ते. वाइनच झाली की." मी मटणाचं ताट तसंच सरकवलं. आता आठवते, मुरलं का नाही पाहाले म्हणून तू पळीभर घे, मग अजून पळीभर. अन् त्या दिवशी बाबाच्या भाकरीवर तूप जास्त पडे.

तुले ठाऊक होतं का नाही? एवढं सांग. मोहाची पिऊन त्यानं बैलबंडी नाल्यात घातली, पाय मोडला एका बैलाचा, हे मी विसरली नाही. गोठ्यात घातलं ते त्या दिवशी बरोबरच केलं. पण मंग त्यानं सोडली, तरी तू घरात घेतलं नाही. म्हणे, ज्याच्या अंगाले एक बार वास लागला त्याले चुलीजवळ जागा नाही. बैलाजवळ जेवला, बैलाजवळ मेला. घरात आणला तो आंघोळ घालाले. अन् तुह्यं मडकं त्याच घरात, देव्हाऱ्याच्या भिंतीले टेकून.

हे पत्र टपालात टाकाचं नाही, एवढं मलेही कळते. अन् खरं सांगाचं तं त्या दिवशी अजून एक पेला मीच मागितला. गुडघ्यासाठी म्हणलं नातवाले.

तुह्यं उत्तर मले नको. तू जलमभर बोलली. बाबाले आत बोलाव, पाटावर बसव, अन् उत्तर त्याच्या तोंडून येऊ दे.