समास मोकळा ठेवलाय

प्रिय भिंगरी,

या पत्राबरोबर जे खोकं आलंय, त्याची खरी किंमत आधी सांगून टाकतो. दुकानातल्या पाटीवर होती ती एक. पेन वेगळं. कव्हरही वेगळं, कारण ते नसेल तर काच गेलीच म्हणून समजा, असं विकणाऱ्यानं घाबरवलं. शिवाय वर्कशॉप अख्खी सकाळ बंद, त्यापायी पंप दुरुस्तीला टाकलेल्या एका गिऱ्हाईकाची बोलणी, आणि दुकानात मी मारलेली एक थाप. थाप कोणत्या भावानं लावायची ते तू ठरव. थाप सोडून बाकी सगळं दोनदा झालं. दोनदा का, ते पुढे येईलच.

मागे एकदा तू सुट्टीला आलीस तेव्हा तुझ्या बॅगेत कपडे कमी आणि छापलेले पेपर जास्त होते. लॅपटॉपवर वाचून डोळे चुरचुरतात म्हणालीस. तुझी आई होती तेव्हा. ती म्हणाली, अगं, कागदासारखं दिसणारं काही मिळत नाही का? तू म्हणालीस, मिळतं गं, पण निवडत बसायला वेळ कोणाला आहे? माझ्याकडे हल्ली वेळच वेळ आहे. म्हणून निवडलं.

मी काही हात हलवत गेलो नव्हतो. तुझा तो बेअरिंगच्या आवाजावरचा पेपर छापून, घडी करून खिशात ठेवला होता. विकणारा पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्राची फीत. मला बघून त्यानं आधी वाचायचं छोटं यंत्र काढलं, तळहाताएवढं. म्हणाला, काका, वाचनाची आवड असलेले सगळे हेच नेतात. मी म्हटलं, बाबा रे, समोर उभा राहून बोल, आणि हा पेपर यात घालून दाखव. घातला. तर काय, दोन रकान्यांचं पान, अक्षर मुंगीएवढं. मोठं करावं तर अर्धं समीकरण काचेबाहेर. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे... हे वाचन की झाडलोट, असं मी विचारल्यावर तो हसला आणि त्यानं मोठं यंत्र आणलं. छापलेलं पान वर ठेवून पाहिलं, कडेला बोटभर कमी भरलं, पण अक्षर जसंच्या तसं. उन्हात, खिडकीशी नेऊन पाहिलं. चकाकत नाही, उलट उन्हात जास्त खुलतं. पान उलटताना एकदा काळं होतं आणि मग उजळतं, डोळा मिचकावल्यासारखं. त्याची सवय होते. एक खोट आहे, रंग नाहीत. तुझ्या आलेखातली लाल रेघ आणि निळी रेघ दोन्ही करड्या दिसतात, जुळ्या बहिणींसारख्या. पुढच्या पेपरात एक रेघ तुटक काढ.

मग त्यानं पेनानं समासात लिहून दाखवलं. म्हणाला, काका, ऐका, अगदी कागदावर पेन्सिल चालल्यासारखा आवाज येतो. मी मान हलवली, वा म्हटलं. ती थाप ही. हिशेब लागला ना?

घरी आणून सगळा पेपर वाचला. समीकरणं ओलांडली, नाल्यावरून उडी मारतात तशी. पण शेवटच्या आभारात आलीस तिथे थांबलो. मार्गदर्शक, प्रयोगशाळा, अनुदान, आणि मग, "माझ्या वडिलांच्या कानांचे, ज्यांना रस्त्यापलीकडचं बिघडलेलं बेअरिंगही ऐकू येतं." बढाई तुझी नाही, माझीच आहे. तू लहान असताना मीच छाती काढून सांगायचो, आणि तू मोटारीच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचीस, माझ्यासारखं तोंड करून. ग्रीस लागलेला तुझा तो कान आई रागारागानं पुसायची.

घर तसंच आहे. तिची खुर्ची खिडकीशी आहे, तिच्यावर मी धुतलेले कपडे टाकतो म्हणजे ती रिकामी दिसत नाही. स्वयंपाक एकाचा करायला अजून जमत नाही, उरतंच. परवा वरच्या मजल्यावरच्या बाई टीव्हीवरून भांडायला आल्या. बहुधा भांडायलाच, हात तरी तसे हलत होते.

आतापर्यंत तुझ्या लक्षात आलं असेल. आई होती तोवर फोन तिच्याकडे असायचा. ती ऐकायची आणि माझ्याकडे तोंड करून सगळं सांगायची, तू हसलीस तर ते हसूही करून दाखवायची. तुला वाटायचं बाबांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे. आम्ही दोघांनी ते तसंच चालू दिलं. कान तपासले आहेत. कानात बसवायचं यंत्रही आहे, पण फोनवर त्यातून नुसता गिरणीचा घरघराट येतो. आता ती नाही, आणि मी फोन कानाला लावून अंदाजानं हो, छान, बरं म्हणत असतो.

गेल्या फोनवर तू बराच वेळ बोललीस. नेहमीपेक्षा सावकाश, मध्येमध्ये थांबून, एवढं मला कळलं. शेवटी काहीतरी विचारलंस. मी "छान, छान" म्हणालो. मग बघतो तर फोन बंद झालेला, आणि तेव्हापासून तुझा फोन नाही. मेसेजला तुझं उत्तर येतं, "ठीक आहे". पोरी, तू काय विचारलंस ते मला माहीत नाही. छान म्हणण्यासारखं होतं का, तेही माहीत नाही. म्हणून पुन्हा त्याच दुकानात जाऊन दुसरं यंत्र घेतलं, एक तुला, एक मला. तो विकणारा म्हणाला, दोन्ही एका खात्याला जोडली की एकाच्या समासात लिहिलेलं दुसऱ्यावर उमटतं. जोडून ठेवली आहेत. तुझा पेपर दोन्हींत आहे, आभाराचं पान उघडं आहे, समास मोकळा ठेवलाय. तिथे लिही, तेव्हा काय विचारलं होतंस. कितीही लांब असू दे, मी वाचीन आणि या वेळी नीट उत्तर देईन. आणि ते आभार पुढच्या वेळी बदल. परवा वर्कशॉपमधला आपला स्वतःचा पंप बेअरिंग जळून बंद पडला. मी शेजारीच स्टुलावर बसून तुझा पेपर वाचत होतो. वास आला तेव्हा कळलं.

तुझाच,
बाबा