तंबूतली खाट

अण्णा,

गेल्या शनिवारी आई तंबूत झोपली. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर चढवून "कोण?" असं विचारलं असतं, म्हणून पुन्हा लिहिते. आई. तुमची बायको, जिला डोंगर-बिंगर काही आवडत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात आणि मीही तेच धरून चालले होते. तिनं आता ऐंशी ओलांडली आहे. एक गुडघा बदलून झाला आहे, दुसऱ्याची कुरकुर चालू असते, आणि तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडे धायरीला राहते. जिभेची धार मात्र तुम्ही ठेवून गेलात तशीच आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मुलांना घेऊन स्वारगेटला यायचात, भूगोलाच्या तासाचा खडू अजून बोटांवर असायचा. मी मुलींच्या शाळेतली, पण तुमच्या प्रत्येक शिबिरात मी असायचीच. पानशेतच्या पुढे कुठंतरी एसटी सोडते. तळावर पोचल्यावर तुम्ही आधी वारा कुठून येतोय ते बघता, मग बुटाची टाच जमिनीवर आपटून बघता, आणि मगच तंबू पाठीवरून उतरवायला सांगता. ते हिरवे, जाड, ओलसर वासाचे तंबू. आत गुडघ्यांवर रांगत जायचं. प्रत्येकाला एक सतरंजी, एक चादर, आणि उशी म्हणजे आपापला हात. कुणी कुरकुरलं तर तुमचं वाक्य ठरलेलं, "पाठीला जमीन कळली पाहिजे." मला ते वाक्य फार आवडायचं. लग्नानंतरही मी पाचसहा वर्षं अशीच हिंडले. मग नोकरी, मूल, मग मणक्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी खाली झोपायचं नाही म्हणून बजावलं आणि माझं तंबूचं खातं तिथंच बंद झालं. निदान मला तसं वाटलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी माझी लेक आजीला फोनवर फोटो दाखवत होती. तिच्या ऑफिसातली मंडळी पवनेच्या काठी तंबू ठोकून राहून आली होती. आई पोहे खाताखाता एकेक फोटो बघत होती. मध्येच म्हणाली, "मलाही एकदा नीट झोपायचंय तंबूत." लेक म्हणाली, "आजी, सिरियसली?" आणि मी हसले. म्हटलं, "तुला कधी आवडलं गं डोंगरात जायला? अण्णा तर म्हणायचे..." तिनं पोह्यांची बशी बाजूला ठेवली. "अण्णा म्हणायचे. मला कुणी विचारलं होतं?"

मग तिनं सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, कारण तेव्हा मी तिच्या पोटात होते. ती एकदा आली होती तुमच्याबरोबर. जेवणं झाल्यावर पथारी पसरताना तिनं हळूच विचारलं, की पाठीखाली घालायला आणखी काही आहे का. आणि तुम्ही सगळ्या मुलांसमोर म्हणालात, "घरची गादी उचलून आणायची होती मग." मुलं हसली. त्यात तुमचं काही फार वाईट नव्हतं, अण्णा, मला तुमचा स्वर माहीत आहे, तुम्ही सगळ्यांनाच असं बोलायचात. पण बाकीच्यांना बोललात ते चौदा-पंधरा वर्षांचे होते, आणि ती बावीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर होती. "राग आला होता?" मी विचारलं. ती म्हणाली, "राग नाही. वाईट वाटलं होतं. दोन्ही वेगळं असतं." आणि उठून बशी धुवायला गेली.

त्या दिवशी दुपारीच मी दुकानांचे पत्ते शोधायला लागले. कर्वे रस्त्याच्या आत एका गल्लीत गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान सापडलं. चालवणारी बाई पस्तिशीची, स्वतः हिमालयात जाणारी, दंडावर दोराचे वळ. मी तिला घाईघाईनं सांगितलं, "मला तसं सगळं माहीत आहे, फक्त हलकं काहीतरी दाखवा." तिनं आईकडे बघितलं, तिच्या काठीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "काकू, तुम्ही गाडीनं जाणार की पाठीवर नेणार?" गाडीनं, मी म्हटलं. "मग हलकं कशाला? वजन गाडी वाहणार आहे. आरामाचं घ्या." इतकी साधी गोष्ट, आणि मी तुमच्या हिशेबानं अजून खांद्यावरचा भार मोजत होते.

तिनं एक घडीची खाट उघडून दुकानाच्या मधोमध मांडली. "आजी, झोपून बघा." आई म्हणाली, "इथं? पुण्यातलं दुकान आहे ना हे? 'गिऱ्हाइकांनी झोपू नये' अशी पाटी नाही लावलीत?" तरी ती बसली. पहिली खाट इतकी बुटकी की गुडघे छातीशी आले आणि उठवताना आम्हा दोघींना तिला धरावं लागलं. दुसरी उंच होती. पाय जमिनीला पुरे टेकले, दोन्ही हात कडेला रोवून ती एकटी उभी राहिली. "ही," ती म्हणाली. दुकानवाली म्हणाली, खाटेखालून वारं फिरतं, थंडीत पाठ गार पडेल, म्हणून वरून ही फुगणारी गादी घ्या. स्लीपिंग बॅग दाखवली, पायाकडे निमुळती होत जाणारी. आईनं ती हातात धरून खालीवर बघितली. "यात मला भरणार? मी काय लोणचं आहे?" मग चौकोनी, पूर्ण उघडून रजईसारखी पांघरता येणारी घेतली. तंबू घेतला तो आत उभं राहता येईल असा, कारण आईचं म्हणणं रास्त होतं, की वाकून साडी नेसता येत नाही. हाताची खुर्ची घेतली. आणि शेवटी दुकानवालीनंच आवाज खाली आणून विचारलं, "आजींच्या बाथरूमचं काय?" तिच्याकडे घडीची कमोड खुर्ची होती आणि तिच्याभोवती उभा करायचा कपाटाएवढा तंबू. आई इतका वेळ चेष्टा करत होती, तिनं त्या खुर्चीचे हात नीट दाबून बघितले. मग म्हणाली, "हे आधी दाखवलं असतंत तर बाकीचं घ्यायला मी एवढे आढेवेढे घेतले नसते." तुम्हाला सांगते, अण्णा, तुमच्या शिबिरांत बायका का येत नाहीत यावर तुम्ही शाळेच्या अहवालात दोन पानं लिहिली होतीत. त्यात हे कुठंच नव्हतं.

ती फुगणारी गादी मी तळहातानं दाबून बघत होते तेव्हा तुमचा हॉस्पिटलमधला शेवटचा आठवडा आठवला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून नर्सनी तुमच्याखाली हवेची गादी घातली. तुम्ही बराच वेळ छताकडे बघत होतात. मग म्हणालात, "बरं वाटतंय गं," आणि लगेच मान भिंतीकडे वळवलीत, जसं काही चोरी पकडली गेली. मी मुकाट्यानं तुमच्या पायांवर चादर ओढली. तेव्हा मला हसू आलं होतं. दुकानात उभी असताना नाही आलं.

सामान वापरून बघायला म्हणून एका रविवारी सोसायटीच्या गच्चीवर सगळं मांडलं. शेजारचे खोचक बोलणारे काका, तुम्हाला आवडले असते, पाण्याची टाकी बघायला वर आले आणि तंबू, खाट, खुर्ची, तिच्यात बसलेली आई सगळं न्याहाळून म्हणाले, "फ्लॅट भाड्यानं दिलात वाटतं?" आई म्हणाली, "हो. तुम्हाला हवाय का?" ते गेल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

शनिवारी निघालो. लेकीनं गाडी चालवली. पानशेतच्या मागच्या पाण्याजवळ एका शेतकऱ्यानं आपलं रिकामं शेत अशा लोकांसाठी ठेवलं आहे. त्याची बायको आईला हाताला धरून बांधापलीकडे घेऊन गेली. "आजी, हितं टाका तंबू, वारं कमी हाय." मी सवयीनं जमीन टाचेनं ठोकून बघितली. तंबू उभा राहिला. आत खाट, खाटेवर गादी, गादीवर रजई, शेजारी खुर्ची. दारात उभी राहून बघितलं आणि तुमचा आवाज कानात वाजला, "हा तंबू आहे की मंगल कार्यालय?" मला थोडी लाज वाटली, तुम्हाला खोटं कशाला सांगू. लेक तिच्या वेगळ्या तंबूत गेली. मी माझ्यासाठी खाट घेतलीच नव्हती. घरी मी म्हणाले होते की गाडीत जागा नाही, पण जागा होती. आईच्या खाटेशेजारी जमिनीवर मी एक पातळ मॅट अंथरली, वर सतरंजी, आणि झोपले.

पहाटे उजाडत होतं तेव्हा जाग आली आणि मला उठता येईना. कमरेत कळ अशी की कुशीवरही वळवेना. मी आवाज न करता पडून राहिले. वरून आई म्हणाली, "जागी आहेस ना?"

"हो."

"मग उठ की. चहा टाक."

"उठता येत नाहीये. पाठ धरली आहे."

खाट करकरली. तिनं पाय खाली सोडले, कडेला हात रोवले आणि ती, ऐंशीच्या पुढची, एका धड गुडघ्याची बाई, तंबूत ताठ उभी राहिली. खुर्ची ढकलत माझ्या डोक्याशी आणली. "हिला धर. घाई करू नको. आधी कुशीवर." तिच्या सांगण्यावरून एकेक करत मी कशीबशी खुर्चीत आले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचंच. ती समोर खाटेवर बसली आणि माझ्या मॅटकडे बघून म्हणाली, "कुणासाठी झोपली होतीस खाली?"

मी डोळे पुसले.

"ते काही बघायला येत नाहीत आता," ती म्हणाली. "आणि अगं, त्यांना कौतुक होतं असं नाही त्या जमिनीचं. त्यांना गादीची धास्ती होती. वसतिगृहात वाढलेला माणूस. एकदा सवय लागली आणि मग नाही मिळाली तर, हे कायम डोक्यात. लग्नात माझ्या वडलांनी दिलेल्या गाद्यांवर पहिले कितीतरी दिवस ते कडेला, काठावर झोपायचे. मधोमध नाही."

मग तिनं उरलेलं सांगितलं. त्या शिबिरात, मुलांसमोर बोलून झाल्यावर, सगळे झोपलेसे वाटल्यावर, तुम्ही उठलात. अंगातला स्वेटर काढलात, त्याची घडी केलीत आणि तिच्या कमरेखाली हळूच सरकवलीत. ती जागी होती. तिनं डोळे मिटून ठेवले. सकाळी तुम्ही शिंकत होतात आणि दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

"मग पुन्हा का नाही गेलीस त्यांच्याबरोबर?"

"त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी वाट बघत राहिले विचारायची."

"आणि ते?"

"तेही बघत असतील. मी आपणहून म्हणेन म्हणून." ती पदरानं चष्मा पुसत होती. "गंमत आहे नाही? एवढे डोंगर चढायचे, आणि एवढंसं विचारता आलं नाही."

बाहेर पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठावरून कुणाच्या तरी म्हशींच्या घंटा ऐकू येत होत्या. आईनं तंबूची चेन वर ओढली आणि खूप वेळ ते सगळं बघत उभी राहिली. सरळ उभी, वाकून नाही. "इतकं छान असतं होय सकाळी," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मग मागे वळून मला म्हणाली, "तू झोप आता इथं. चहाचं मी बघते. स्टोव्ह पेटवून द्यायला पोरीला उठवते."

"नको, मी बरी आहे."

"झोप म्हटलं ना."

हे सगळं तुम्हाला कळवावं असं घरी आल्यापासून वाटत होतं. आई आतल्या खोलीत वामकुक्षी घेते आहे. ती उठायच्या आत हे कागद कपाटात जातील. तिला वाचून दाखवणार नाही. स्वेटरचं तिनं मला सांगितलं, तुम्हाला सांगायला नव्हे. माझ्यासाठी दुसरी खाट मी सोमवारीच आणली, उंच, तिच्यासारखीच.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगते. त्या पहाटे मी आईच्या खाटेवर आडवी झाले. गादीत तिच्या अंगाची ऊब अजून होती. मी अगदी मधोमध झोपले, ऊन तंबूवर चढेपर्यंत झोपले, आणि तेवढा वेळ मला तुमची आठवण आली नाही.