दुपट्यांवर बसलेले टोळ

धाकटे, तुला नि पोराबाळांना पोटभर आशीर्वाद.

आधी आले ते टोळ, मागून फवारणीवाले! नातीचं बाळ कसं गुटगुटीत झालंय, पण त्याच्या वाळत घातलेल्या दुपट्यांवर मेल्या टोळांनी घाण करून ठेवली. शी! पायाखाली करकर चिरडतात, अंगावर शिसारी येते. मी थाळी बडवून हाकलले, तर शेजारणीच्या मक्यात जाऊन बसले. आता ती माझ्याशी बोलत नाही.

फवारणीवाला म्हणाला, "आजी, पूर्वी थंडीनं मरायचे. आता थंडीच पडत नाही. वारा नेईल तिकडे जातात." पुढच्या बुधवारी वारा तुमच्या बाजूला फिरणार म्हणे. तुझ्या रानातली कणसं भरली का गं? भरली असतील तेवढी कापून घे. गुडघा कसा आहे?

फवारणीवाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, इकडे परत येतो म्हणून गेलेत.

तुझीच,
ताई