लेझर, रेणू आणि चर्चची घंटा

३ फेब्रुवारी १९७९, शनिवार
येत्या अकरा तारखेला, रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान : 'लेझरच्या तीव्र झोतात रेणू कसा तुटतो'. फादरांची अट : तीस माणसं आली तर दर महिन्याला एक. नाहीतर हॉल हाऊजीच्या खेळाला. वीस वर्षं कॉलेजात तेच धडे शिकवतोय. एवढं तरी व्हावं. तीस म्हणजे काहीच नाही.

५ फेब्रुवारी
भाषण लिहिलं. एका फोटॉनने, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाने, रेणूला काही होत नाही. नेमक्या तालात तीस-चाळीस गिळले, की तो तुटतो. क्लेमेंटीनला वाचून दाखवलं. वाल सोलता सोलता म्हणाली, "छान. पण तो तुटून कुणाचं भलं होतं?" बायको आर्ट्‌सची. चालायचंच.

७ फेब्रुवारी
उदाहरण सापडलं! आमचा निकोलस सत्तरीचा, पण चर्चची घंटा एका हाताने वाजवतो. ताल धरून दोर थोडा थोडा ओढायचा. प्रत्येक ओढ म्हणजे फोटॉन! उद्या दुपारी तो जेवायला गेला की सराव. त्याला विचारायला हवं का? हवं. रविवारनंतर विचारीन.

८ फेब्रुवारी, दुपारी ४
अकराव्या ओढीला घंटा बोलली. मग सावकाश, एकेक ठोका. सिद्धांत खरा!
सावकाश एकेक ठोका मयताचा असतो, हे लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा फक्त फोटॉन आठवले.
बाहेर आलो तर वाडीतली माणसं चिखलाच्या पायांनी अंगणात. मटिल्डामावशी रडतच आली. निकोलस तोंडात घास घेऊन ओरडला, "मास्तर, मी जिवंत असताना माझ्या घंटेला हात?" मी सगळ्यांना शांतपणे रेणू समजावला. एकही माणूस हलला नाही. संपल्यावर मावशी म्हणाली, "ते राहू दे बाबा. गेलं कोण?"
मोजली : त्रेसष्ट माणसं. रविवारी खुर्च्या कमी पडणार.

११ फेब्रुवारी, रविवार
चार माणसं. त्यात क्लेमेंटीन, फादर आणि दोर राखायला आलेला निकोलस. चौथी मटिल्डामावशी, दारात उभी. लोक का आले नाहीत, विचारलं. म्हणाली, "एकाच मयताला दोनदा कोण येतं रे?"
हॉल हाऊजीला गेला. नंबर पुकारायला खणखणीत आवाजाचा माणूस हवाय. फादरांनी विचारलं. नाही म्हणालो. पुन्हा विचारलं. हो म्हणालो.
रेणूला तुटायला निदान तीस तरी लागतात.