सुमनला मीच नेलं

वडगाव, मंगळवार, फेब्रुवारी १९८८

मुलाला, वसंताला, अजून सांगितलेलं नाही. नात सुमन मोठ्या दवाखान्यातून येऊन तीन महिने झाले. तिच्या हाडांतला मगज काढून भावाचा घातलाय. बाहेर न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आज दुपारी मी नेलं. शेजारच्या पोराला कांजिण्या आल्यात, म्हणजे त्यांच्या घरात देवी आली. दहीभाताचा नैवेद्य होता, दर्शनाला बोलावलं. देवीला नाही कसं म्हणायचं? शिवाय सुमनला चौथ्या वर्षीच कांजिण्या येऊन गेल्यात. परत कशा येतील? ती त्या पोराला खेटून बसली, भात खाऊन आली.

मन खाऊ लागलं म्हणून संध्याकाळी वसंताला विचारलं, "व्हय रं, येऊन गेलेल्या कांजिण्या परत येत्यात काय?"

"सुमनला येतील, आप्पा. जुन्या मगजाबरोबर अंगातली जुनी ताकद गेली. तान्ह्या पोरासारखी हाय ती. आल्या तर जिवावर बेततंय. कांजिण्या आलेल्याजवळ गेली असं कळलं, की अंगावर उठायच्या आत लगेच सुई द्यावी लागती."

सून शांता हसली, "आप्पा आता डॉक्टर व्हनार बघा!"

"का हो, आप्पा?" वसंतानं विचारलं.

"काय न्हाय, सहज," म्हणालो. का म्हणालो?

दहीभात खाऊन आली. खेटून बसली होती. सांगितलं तर पोराच्या नजरेतून उतरेन. नाही सांगितलं तर?

वसंता हातमागावर विणत बसलाय. माग थांबला की सांगू, असं म्हणत तासभर इथंच बसलोय. आता जातो आणि हात घालून मीच माग थांबवतो.