नव्या डोळ्यातली वाकडी रांग

२९ जाने.
उन्हाळी धानाचा रोवणा. सून वर्षाही हौसेनं बांधीच्या चिखलात उतरली. दोरी लावून रोवा म्हटलं, तरी रोवणाऱ्या टोळीवाल्या शेवंताच्या बायांनी रांगा सापासारख्या केल्या. काठच्या धुऱ्यावरून झापलं. शेवंता म्हणे, काकी, रांगा सरळच हायेत, मोतीबिंदूसंगं नजरही काढली का? सर्वांसमोर. मी काय सोडते. एक डोळा धुकट असंल, ऑपरेशनचा नवा तं आरसा हाय.

३० जाने.
दाराची चौकट वाकडी. खिडकीचे गज वाकडे. आमच्या बुढ्याचं नाक तं आधीपासूनच. शेवंताले सांगितलं नाही.

२ फेब्रु.
गोंदिया. वर्षा संगं. डॉक्टरीण म्हणे, डोळ्याच्या मागच्या पडद्याले सूज, म्हणून सरळ ते वाकडं दिसते. महिनाभर थेंब, नाही उतरली तं डोळ्यात सुई. मी विचारलं, थेंब समोर पडते, मागं जाते कसं? म्हणे, आजी, पुष्कळसं नाकात वाहून जाते. जरासंच झिरपत, बाजूबाजूनं मागं पोचते. म्हणून रोज नेमानं टाका.

४ फेब्रु.
लवकर पोचावं म्हणून तीन थेंब टाकले. उशी काढून चित पडली, डोळा खूप मिचकावला. घसा कडू. चायही कडू.
वर्षा म्हणे, "आई, डोळ्यात एकच मावते. बाकीचं तुम्ही पिऊन राहिल्या."
थेंब टाकून डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा दाबायचा, हे डॉक्टरणीनं सांगितलं होतं म्हणे. मी तवा सुईचाच विचार करून राहिली होती.

६ फेब्रु.
समजलं. वरच्या बांधीतलं पाणी भलतीकडूनच निघून गेलं, तं शेवटच्या बांधीले काय पोचंल? वाट बुजवली. एक थेंब, कोपरा दाबला. घसा गोड. बुढा म्हणे, डोळा दाबून बसली का घर कसं शांत राहते. त्याची चाय बंद. सांजपर्यंत.

२० फेब्रु.
गज सरळ होऊन राहिले. मधला अजून पोटुशी.

५ मार्च
शेवंता निंदाले आली. उद्या डॉक्टरीण पडद्याचा फोटो काढंल, मग सुईचं ठरंल. धुकट डोळा झाकून धुऱ्यावर उभी राहिली.
"काकी, आज कशा हायेत रांगा?"
"सरळ. काठाची एक सोडून."
शेवंता जाऊन पाहून आली. "ते खरंच वाकडी हाय. तुमच्या सुनेनं रोवली."
दोघी इतक्या हसलो, बगळे उडाले.
वर्षा फुगून बसली हाय. थेंब टाकला, एका हातानं कोपरा दाबून दुसऱ्यानं लिहून राहिली. ओळ तिरपी गेली असंल तं जाऊ दे. उद्या फोटोत काय येते ते पाहू.