इंटरकूलरवरचा पांढरा थर

१९ मे, रविवार

गाडी बसली. तिसऱ्याच फेरीत — ट्रॅकवर, सगळ्यांसमोर! बाहेर ४४ डिग्री आणि टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा ७८. एवढी गरम हवा आली की इंजिन जिवाच्या भीतीने स्वतःच ताकद कमी करतं. लाल स्पोर्ट्स कार रिक्षासारखी परत आली. गाडीवाला हेल्मेट काढत म्हणाला, "इससे तेज़ तो मेरी मम्मी चलाती है।"

ती हवा गार ठेवणं हे माझं काम. ती ज्यात गार होते तो मोठा इंटरकूलर माझ्या डिझाइनचा, त्याच्या पाइपांचं वेल्डिंग आमच्या वर्कशॉपच्या मारुतरावांचं. त्याच्या जाळीवर पाण्याचे बारीक तुषार मारायचा पंप ही कल्पनाही माझीच. आपल्या घरचा कूलर चालतो त्याच तत्त्वावर. किती मिरवलं होतं मी!

संध्याकाळी मानेसरला वर्कशॉपमध्ये एकट्याने बंपर काढला. जाळीवर पांढरा थर. कडक, खरखरीत, बाथरूमच्या नळावर धरतो तसा. अर्धी जाळी बुजलेली. वारा जाणार कुठून?

बघताक्षणी कळलं. डिस्टिल्ड पाणी संपलं होतं म्हणून तीन आठवडे मी घरून कॅन नेत होतो. आई आरओचं टाकाऊ पाणी लादी पुसायला साठवते, ते. बोअरचा सगळा क्षार त्यातच उतरतो. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. 'थोड्या दिवसांनी काय होतंय' म्हटलं. एम.टेक. आहे मी.

व्हिनेगर आणि ब्रश घेऊन बसलो. दीड तासात जाळी चकचकीत. कुणाला कळायच्या आत. का केलं ते उद्या लिहीन.

२० मे

नाही लिहीत.

२१ मे, मंगळवार

वर्कशॉपच्या मालकांनी, अंशुमन सरांनी, सगळ्यांना बोलावलं. "बताओ यतीन, हुआ क्या?"

मी लॅपटॉप उघडला. ताकदीचा आलेख दाखवला — घसरत गेलेला. हवेच्या दाबाचा दाखवला नाही. दाब शेवटपर्यंत सरळ रेघेत होता. पाइपात गळती असती तर तोच आधी पडला असता. तो आलेख माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

आणि म्हणालो, "सर, शायद वेल्ड से लीक है।"

शायद! त्या एका शब्दाच्या आड किती सोयीनं लपलो मी.

मारुतराव मागे उभे होते. सरांसमोर बसत नाहीत, फौजेतली सवय. बावीस वर्षं लष्कराच्या गाड्या जोडल्यात या माणसाने. माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, विचारात पडून. "साहेबांच्या कंप्युटरात आलंय म्हंजी असंल," म्हणाले. मग सरांना, "गलती मेरी है साब।"

मी लॅपटॉप मिटला.

२२ मे

परत येताना नेहमीप्रमाणे आम्ही दोघंच. मी द्वारकेला राहतो, ते पालमला, म्हणून रोज माझ्याच गाडीत. एरवी साताऱ्याच्या गप्पा चालतात. आज टोलपर्यंत ते इंटरकूलरचे जोड चाचपत होते.

मग त्यांनी विचारलं, "जोड कंचा हो? वरला का खालचा?"

"काका, नक्की सांगता येत नाही."

"मग घरी नेतो. बघतो." इंटरकूलर मांडीवर घेऊन बसले होते. वळणावर उतरले आणि थँक्यू म्हणाले मला. गाडीतून सोडल्याबद्दल!

२५ मे, शनिवार

बाहेरून दुसऱ्या वेल्डरचा इंटरकूलर आला. टाकीत डिस्टिल्ड पाणी मी स्वतः भरलं. गाडी अशी पळाली! हवा ५२ च्या वर गेली नाही. सरांनी पाठ थोपटली — "देखा, सही पकड़ा था तूने!" म्हणजे आता पुरावाच झाला मारुतरावांविरुद्ध. गाडीवाल्याने काजूकतली आणली. मी ती सगळ्यांना वाटली. माझा तुकडा तोंडात फिरत राहिला.

मारुतराव आज आले नाहीत.

२७ मे

आईला सांगितलं, फक्त पाण्याचं. ती म्हणाली, "अरे, मी ते तुळशीलासुद्धा घालत नाही! मला विचारायचंस की."



३० मे

मारुतरावांचा सरांना फोन. वेल्डिंग बंद केलं, दुसरा माणूस बघा म्हणाले. सर मला म्हणतात, "अच्छा ही है यार, उम्र हो गई थी।"

मी मान हलवली. होकारार्थी!

२ जून, रविवार

पालमला गेलो, आज सांगायचंच म्हणून. मारुतरावांच्या बायकोने, हौसाबाईंनी दार उघडलं. "या साहेब, या. ते काय, तितंच बसल्यात."

मागच्या गॅलरीत प्लॅस्टिकचा टब. त्यात इंटरकूलर बुडवलेला, दोन्ही तोंडांना बुचं, आणि मारुतराव सायकलच्या पंपाने हवा भरतायत. जिथून बुडबुडा येईल तिथे गळती. अकरा दिवस हेच चाललंय. बुडबुडा येत नाही. येणार कुठून?

"गळती हाय, पण मला दिसंना," म्हणाले. "म्हंजी नजर गेली बघा. हातबी कापत असंल, माझं मलाच कळत नसंल. अशा माणसानं गाडीला हात लावू नये, मरंल कुणीतरी."

हौसाबाई म्हणाल्या, "जेवणावर ध्यान न्हाई. वेल्डिंगचा टॉर्च, मास्क, समदं भाच्याला दिऊन टाकलं."

आणि मी काय केलं? टबाशेजारी उकिडवा बसलो. अर्धा तास त्यांच्याबरोबर बुडबुडा शोधला! 'इथे वाटतोय का हो' असंसुद्धा म्हणालो एकदा. वर पोहे खाल्ले. मग परत आलो.

इतका नीच माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

६ जून

हवा भरायचा तो पंपाचा आवाज कानातून जात नाही. आज दोनदा सरांच्या केबिनपर्यंत जाऊन परत फिरलो. चिंधी माणूस.

८ जून, शनिवार

सरांना दाबाचा आलेख पाठवला. खाली सगळं लिहिलं — पाणी, थर, व्हिनेगर, आणि हे दडवून मी काय बोललो ते. उत्तर एका ओळीचं: "सोमवार को मिलो।"

नोकरी जाईल. जाऊ दे. भीती त्याची नाही, उद्या पालमला जायचंय त्याची वाटते.

९ जून, रविवार

सांगितलं. दारातच, उभ्याउभ्या, एका दमात. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. एखादी थप्पडही चालली असती.

मारुतराव म्हणाले, "म्हंजी जोड चांगला हुता?"

"हो काका. एकदम."

त्यांनी दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून पाहिले. आणि एकदम आत ओरडले, "हौसे! डोळं चांगलं हायती गं माझं!" रडत होते. रडता रडता माझाच खांदा दाबत होते.

हौसाबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याचा हात माझ्या खांद्यावरून काढला आणि म्हणाल्या, "तुमी जावा आता."

मी जिना उतरलो.